नऊ तुझी, नऊ माझी

रविवारी सकाळी सहा वाजता इंगा ब्रँडव्होल्ड गोल्फच्या मैदानात दहाव्या ग्रीनवर गुडघे टेकून बसली होती आणि आपण करतोय ते पाप की पुण्य, हे तिला काही केल्या ठरवता येत नव्हतं. हातात लांब दांड्याचा लोखंडी नळा होता. तो गवतात दाबून फिरवायचा, मातीचा गोळा अलगद उपसायचा, झालेल्या भोकात पत्र्याचं डबडं बसवायचं आणि वर निशाण रोवायचं. मग तो मातीचा गोळा कालच्या भोकात ठोकून बसवला की काम संपलं. पण ग्रीन म्हणजे बारीक कातरलेल्या गवताचं चांगलं ऐसपैस अंगण, आणि त्यात भोक नेमकं कुठं पाडायचं हे पाडणारीच्या हातात. डावीकडं पाडलं तर एकीचं भलं, उजवीकडं पाडलं तर दुसरीचं.

पुरुषांच्या स्पर्धांत असल्या कामाला माणसं असायची. सत्तावन्न सालच्या अमेरिकेतल्या बायकांच्या दौऱ्यात कोण असणार? सगळ्या मिळून तीसएक जणी, पंधरा-सोळा गाड्या, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला नुसती धावाधाव. नियम त्यांनीच करायचे, दंड त्यांनीच ठोठावायचा, गावच्या पेपरवाल्याला आकडेसुद्धा त्यांनीच फोन करून कळवायचे. शेवटच्या फेरीच्या अठरा होलांची, म्हणजे भोकांची, निशाणं पाळीनं दोघींनी लावायची, पहिली नऊ एकीनं आणि पुढची नऊ दुसरीनं. पाळ्यांचा कागद जानेवारीतच तयार होई. ऑक्टोबरातल्या हार्लन्स फेरी या गावच्या स्पर्धेपुढं त्यात व्हर्ना हॅस्केट आणि इंगा ब्रँडव्होल्ड ही दोन नावं होती. शनिवारी संध्याकाळी याच दोघी सगळ्यांत कमी फटके मारून बरोबरीनं पुढं असतील, असं जानेवारीत कुणाला स्वप्न पडलं होतं?

नियमांचं बघणारी मोझेल टकर शनिवारी जेवताना म्हणाली होती की पाळी बदलून घ्या, मी जाते सकाळी. अलाबामाची ही बाई तोंडानं फटकळ, पण मनानं सरळ. व्हर्नानं मान वर न करता तिला उडवून लावलं. नऊ वर्षांत निशाणांचं काम एकदाही टाळलं नाही, आता जाता जाता टाळू का, म्हणाली.

जाता जाता, हे खरंच होतं. व्हर्नाचं वय एकोणचाळीस, आणि तिच्या डाव्या मनगटानं दोन वर्षांपूर्वीच संप पुकारला होता. आयोवातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं की असंच चालू ठेवलं तर बोटं मिटायची बंद होतील. तिकडं मुलींच्या एका शाळेत खेळ शिकवायची नोकरी तिनं पक्की करून टाकली होती. हार्लन्स फेरी ही तिची शेवटची स्पर्धा. आणि नऊ वर्षांत तिनं एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती. दुसरी आली, तिसरी आली, चौथी तर मोजायची सोय नाही इतक्यांदा आली, पण पहिली म्हणून नाही.

इंगाला ते सलत होतं. मिनेसोटाहून ती दौऱ्यात आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि फटका लांब मारण्यापलीकडं तिला काही म्हणजे काही येत नव्हतं. व्हर्नानं तिला आपल्या जुन्या प्लिमथ गाडीत घेतलं, मोटेलच्या बेसिनमध्ये कपडे कसे धुवायचे ते शिकवलं, वारा कसा ओळखायचा ते शिकवलं. दुसऱ्या वर्षी तुल्साला असताना इंगाचे वडील गेल्याची तार आली. व्हर्ना तेव्हा तिसरी होती आणि दोन फेऱ्या बाकी होत्या. तिनं पिशव्या गाडीत टाकल्या आणि दीड दिवस गाडी हाकत इंगाला घरी पोचवलं. दफनाच्या वेळी ती मागं उभी राहिली, नंतर स्वयंपाकघरात जाऊन इंगाच्या आईबरोबर बशा पुसत बसली. असल्या उपकारांची परतफेड कुणी करू शकतं का?

म्हणून इंगानं पहाटेच ठरवून टाकलं. व्हर्नाचा चेंडू खालून जायचा, जाता जाता उजवीकडं वळायचा आणि जमिनीवर पडून लांब पळायचा. मनगट गेल्यापासून उंच मारणं तिला जमतच नव्हतं. तेव्हा निशाण उजवीकडं हवं, पुढच्या बाजूला हवं, आणि मध्ये वाळूचा खड्डा नको. इंगाचा स्वतःचा चेंडू याच्या अगदी उलटा, उंच जाऊन डावीकडं वळणारा आणि पडला तिथं बसणारा. तिनं दहाव्या ग्रीनवर उजवीकडं पुढं नळा रोवला आणि दाबला.

लबाडी होती का ही? नियमाप्रमाणं नव्हती. निशाण सगळ्यांना सारखंच. तिसरी बाई या दोघींच्या पाच फटके मागं होती, म्हणजे तिचंही काही जात नव्हतं. जात होतं ते इंगाचं, आणि स्वतःचंच घालवणाऱ्याला चोर कसं म्हणायचं? पण व्हर्नाला कळलं तर? टेक्सासात एकदा व्हर्नाचा चेंडू झुडपात गेला होता आणि कुण्या भल्या म्हाताऱ्यानं तो हळूच पायानं बाहेर ढकलला होता. व्हर्नानं त्या म्हाताऱ्याचे आभार मानले, चेंडू उचलला आणि परत झुडपात नेऊन ठेवला. दिलेलं घ्यायची तिला सवयच नव्हती. तेव्हा व्हर्नानं जिंकायला हवं होतं आणि तिला हे कधीच कळता कामा नये होतं. एवढं मनात धरून इंगानं नऊ भोकं पाडली, आणि क्लबात जाऊन अंडी आणि ग्रिट्स नावाच्या मक्याच्या कण्या खाल्ल्या. व्हर्ना तिच्या समोरच बसून कॉफी पीत होती. दोघींच्याही गुडघ्यांवर हिरवे डाग होते.

दुपारी चर्च सुटल्यावर गाव मैदानावर लोटलं. लोटलं म्हणजे दोनशे माणसं, पण तिथं तेवढीच पुष्कळ. शेवटच्या गटात तिघी होत्या, व्हर्ना, इंगा आणि मोझेल टकर. पहिल्या होलवर निशाण मागं डावीकडं होतं, वाळूच्या खड्ड्याच्या पलीकडं. इंगानं उंच फटका मारला आणि चेंडू निशाणाशेजारी जाऊन बसला. बरं झालं, एवढंच तिच्या मनात आलं. दुसऱ्या होलवरही निशाण मागं डावीकडं. तिसऱ्यावर तेच. चौथ्या होलवर व्हर्नाचा चेंडू खड्ड्यात गेला, तेव्हा इंगाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही निशाणं तिच्यासाठी लावली होती. एकूण एक तिच्यासाठी.

मोझेलच्या डोळ्यांतून असलं काही सुटत नसे. पाचव्या ग्रीनकडं चालताना ती म्हणाली, "व्हर्ना, ही निशाणं तू लावलीस का तुझ्या सवतीनं?"

"मीच लावली. आवडली नसतील तर पुढच्या वर्षी तू लाव."

"पुढच्या वर्षी तू असशील का बघायला?" मोझेल म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. तिला तसं म्हणायचं नव्हतं. व्हर्ना नुसती हसली आणि आपल्या चेंडूकडं गेली.

नऊ होल संपले तेव्हा इंगा तीन फटक्यांनी पुढं होती. बाहेरच्याला वाटलं असतं की ही पोरगी आता उड्या मारत असेल. ती खालमानेनं चालत होती. एखाददुसरा फटका मुद्दाम घालवावा असं दोनदा तिच्या मनात आलं, पण हातांनी ऐकलं नाही. चार वर्षं जे हात फटका नीट बसावा म्हणून घासले, ते एका दुपारीत बिघडायला तयार नव्हते. तिनं स्वतःची समजूत घातली की पुढची नऊ आपली आहेत, तिथं सगळं भरून निघेल.

आणि निघालंच. दहाव्यावर व्हर्नाचा चेंडू जमिनीवरून पळत उजवीकडं वळला आणि निशाणाला घासून थांबला. एक फटका परत मिळाला. अकराव्यावर आणखी एक. लोक टाळ्या वाजवायला लागले. दौऱ्यातल्या ज्यांचा खेळ संपला होता त्या बायका लोकांना अडवायला बांधलेल्या दोऱ्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या, कारण व्हर्ना जिंकावी असं त्या सगळ्यांनाच वाटत होतं, फक्त मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं. तेराव्यावर इंगाचा चेंडू निशाणापासून फार लांब पडला आणि दोघी बरोबरीला आल्या. इंगानं मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

चौदाव्या होलवर पुढचा गट अजून हलला नव्हता, म्हणून थांबावं लागलं. मोझेल पाणी प्यायला नळावर गेली. व्हर्ना बाकावर बसली, मनगट चोळत राहिली, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "इंगा, इकडं बघ. चार निशाणं झाली. चारही उजवीकडं, चारही पुढं. मी काय दूधखुळी आहे?"

इंगानं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण या बाईपुढं तिला खोटं कधीच जमलं नव्हतं. "आधी तुझी नऊ कशी लावलीस ते सांग," ती म्हणाली.

"मी लोकांच्या तोंडाला घाबरले. हॅस्केटनं स्वतःची सोय केली असं कुणी म्हणायला नको, म्हणून एकेक निशाण उलटीकडं सरकवलं. सरकवता सरकवता जरा जास्तच झालं." तिनं नजर मनगटाकडं वळवली. "आणि तुला जड जाऊ नये असंही वाटलं असेल. काय माहीत. पण तू कशाला लावलीस?"

"तू जिंकावंस म्हणून. एकदा तरी."

व्हर्नाचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर राग होता, आणि इंगाला दोन्हींची सारखीच भीती वाटली.

"मला जिंकायचंच आहे गं," व्हर्ना म्हणाली. "झोपताना तेच, उठताना तेच. नऊ वर्षं दुसरं काही मागितलं नाही मी. पण तू सोडलंस म्हणून मिळालं, तर ते आयोवाला नेऊन मी काय करू? कपाटावर ठेवून रोज त्याच्याकडं पाठ करून बसू?"

"आता निशाणं हलवता येणार नाहीत."

"निशाणं राहू देत. मी तुझी लावली, तू माझी लावलीस, फिट्टंफाट झाली. पण फटका अजून तुझ्या हातात आहे. उरलेले पाच होल जीव तोडून खेळ, मला हरवायला खेळ. एक फटका जरी मुद्दाम सोडलास ना, तर मला कळेल. मीच शिकवलंय तुला, मला कळणार नाही होय?"

मोझेल तोंड पुसत परत आली. दोघींचे चेहरे बघून काहीतरी टोमणा मारणार होती, पण तिनं तो गिळला. इंगानं डोळे पुसले, चेंडू ठेवला आणि त्या वर्षातला सगळ्यांत लांब फटका मारला.

पुढचे होल कसे गेले ते तिला नंतर नीट आठवलं नाही. आपण लावलेल्या निशाणांशी तिला आता झगडावं लागत होतं, आणि ती झगडत होती. पंधराव्यावर व्हर्ना पुढं गेली, सोळाव्यावर इंगानं तिला गाठलं, सतराव्यावर व्हर्ना पुन्हा एकानं पुढं. अठराव्या होलवर व्हर्नानं चार फटक्यांत चेंडू भोकात घातला आणि बाजूला जाऊन उभी राहिली. इंगाचा तिसरा फटका अजून मारायचा होता. चेंडू ग्रीनवर होता, भोकापासून तीन पावलांवर. घातला तर बरोबरी. चुकला तर स्पर्धा व्हर्नाची.

इंगा चेंडूमागं बसली. भोक तिनंच पाडलं होतं. सकाळी याच ठिकाणी गुडघे टेकून तिनं गवतावरून तळहात फिरवला होता, आणि जमीन डावीकडं किती कलते ते तिच्या हाताला ठाऊक होतं. भोकाच्या उजवीकडं चार बोटं धरून मारलं की चेंडू आत. दोनच बोटं धरली तर चेंडू काठाला लागून बाहेर येईल, लोक हळहळतील, मोझेल पाठीवर थाप मारेल, आणि जगात कुणालाही काही कळणार नाही. फक्त व्हर्नाला कळेल. कारण हे भोक कुणी पाडलं ते व्हर्नाला माहीत होतं.

तिनं एकदा व्हर्नाकडं बघितलं. व्हर्ना तिच्याकडं बघत नव्हती, चेंडूकडं बघत होती. ती हात जोडून उभी असती तरी इंगाला एवढं अवघड गेलं नसतं. नऊ वर्षांची वाट बघणारी बाई समोर उभी होती, आणि तिला हवं ते द्यायचं तर आधी ते तिच्याकडून काढून घ्यायला हवं होतं. इंगानं चार बोटं धरली आणि मारलं. चेंडू वळला आणि आत गेला.

दोऱ्यांपाशी उभ्या असलेल्या बायकांतून एक लांब सुस्कारा आला. एकदोघींनी इंगाकडं असं बघितलं की जणू तिनं आईला थप्पड मारली. तिलाही तसंच वाटत होतं. तिनं वाकून चेंडू काढला आणि बाजूला ठेवलेलं निशाण उचललं. व्हर्ना जवळ आली, तिच्या हातातलं निशाण घेऊन भोकात लावलं आणि म्हणाली, "चल. पहिला होल."

बरोबरी झाली की पुन्हा पहिल्या होलवर जायचं आणि तिथं जी पुढं जाईल ती जिंकली, असा त्यांनीच केलेला नियम होता. दोनशे माणसं खुर्च्या उचलून मागोमाग निघाली. पहिल्या होलचं निशाण व्हर्नानं लावलेलं, मागं डावीकडं, खड्ड्यापलीकडं, इंगाला अगदी हवं तिथं. इंगाचा उंच चेंडू निशाणापासून पाच पावलांवर पडला. व्हर्नाला खड्ड्यावरून जाणं शक्यच नव्हतं. तिनं शहाणपणानं उजवीकडं मारलं, आणि तिचा चेंडू ग्रीनच्या दुसऱ्या टोकाला, भोकापासून चांगल्या पंधरा पावलांवर थांबला. मोझेल शेजारच्या बाईला कुजबुजत म्हणाली की स्वतःच्या हातानं खोदलेला खड्डा म्हणतात तो हाच.

पण व्हर्नाही सकाळी या ग्रीनवर गुडघ्यांवर बसली होती. ती चेंडूभोवती फिरली नाही, वाकून बघितलं नाही. मनगट एकदा झटकलं, पटर ही ग्रीनवर मारायची काठी हातात धरली आणि चेंडू भोकाच्या इतका डावीकडं मारला की लोकांना वाटलं हात घसरला. चेंडू निम्म्या वाटेपर्यंत सरळ गेला. मग सावकाश उजवीकडं वळायला लागला, वळत राहिला, आणि भोकाच्या तोंडाशी क्षणभर विचार करून आत पडला.

लोकांचा आरडाओरडा शांत व्हायला वेळ लागला. अजून इंगाचा फटका होता. पाच पावलं. तो घातला तर आणखी एक होल खेळायचा. इंगानं या वेळी व्हर्नाकडं बघितलंसुद्धा नाही. जमिनीचा उतार बघितला, दोनदा बघितला, श्वास रोखला आणि जेवढा जीव होता तेवढा त्या फटक्यात घातला. चेंडू नीट निघाला. शेवटच्या हातभर अंतरात तो तिनं धरला होता त्याहून जास्त उजवीकडं ओढला गेला आणि भोकाच्या काठावरून पुढं निघून गेला.

इंगा तिथंच उभी राहिली. मनात पहिली आली ती हळहळ, चांगली खरीखुरी, हरल्याची. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. आणि मग छातीवरचं ओझं असं उतरलं की तिला रडूच आलं. बायका दोऱ्यांखालून वाकून ग्रीनवर धावत येत होत्या. त्यांच्या आधी व्हर्ना तिच्यापाशी पोचली.

"अठराव्यावर तू सोडणार असं वाटलं होतं मला," व्हर्ना म्हणाली. "सोडला असतास तर मी काही बोलले नसते. हसून बक्षीस घेतलं असतं, आणि तुला कधी पत्र टाकलं नसतं."

"आणि हा? हा मी सोडला असं वाटतंय का तुला?"

व्हर्ना खाली बसली. एवढी माणसं बघत असताना तिनं ग्रीनवर हात टेकला आणि इंगाचा हात ओढून आपल्या हाताशेजारी गवतावर ठेवला. "इथं फिरव. लागतंय? हे गवत पलीकडच्या ओढ्याकडं झोपतं, चेंडूलाही तिकडं ओढतं. डोळ्यांना दिसत नाही. सकाळी माझ्या हाताला लागलं म्हणून मला कळलं. तुला कुठून कळणार होतं?"

इंगानं हात फिरवला. गवत खरंच एका बाजूला झोपलेलं होतं. माहीत असतं तर तिनं आणखी चार बोटं डावीकडं मारलं असतं.

व्हर्ना अजून खालीच बसली होती. तिचं दुखरं मनगट इंगाच्या हातात होतं. "मग जिंकले गं मी," ती म्हणाली, विचारल्यासारखं.

"जिंकलीस," इंगा म्हणाली, आणि हे सांगताना तिला व्हर्नापासून काहीही लपवावं लागत नव्हतं.